वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि श्वासपटलातील लपलेला हर्निया

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



हर्निया हा शब्द उच्चारला की जांघेतील अथवा बेंबीजवळचा फुगवटा डोळ्यांसमोर येतो. खोकले की तो बाहेर येतो, आडवे झाले की आत जातो, आणि घरातील वडीलधारी मंडळी पट्टा बांधण्याचा सल्ला देतात. आजच्या विषयातील हर्निया बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही आणि त्याला पट्टाही बांधता येत नाही. तो पोट व छाती यांच्या सीमेवर असतो. ज्याच्या शरीरात तो आहे त्या व्यक्तीस कित्येकदा आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. परंतु तीच व्यक्ती वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर जाते, तेव्हा या लपलेल्या हर्नियाकडे कोणी लक्ष दिले की नाही, यावर तिची पुढील अनेक वर्षे सुखाची जाणार की जळजळीची, हे पुष्कळ अंशी ठरते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा स्नायूंचा एक पडदा असतो. त्यास श्वासपटल म्हणतात. घशातून निघालेली अन्ननलिका छातीतून खाली येते आणि या पडद्यातील एका छिद्रातून पोटात उतरून जठरास मिळते. हे छिद्र म्हणजेच हायटस. छिद्राच्या उजव्या व डाव्या बाजूस श्वासपटलाचे दोन जाड स्नायुपट्टे कण्यापासून वर आलेले असतात आणि ते अन्ननलिकेला चिमट्यासारखे धरून ठेवतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप आतून आणि या स्नायूंची पकड बाहेरून, अशा दुहेरी कुलपामुळे जठरातील आम्ल वर चढत नाही.

वय वाढते, गर्भारपण येते, जुनाट खोकला किंवा बद्धकोष्ठ असते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे पोटातील चरबीमुळे आतील दाब रात्रंदिवस वाढलेला राहतो. या दाबाने छिद्र सैल होते आणि जठराचा वरचा भाग छातीच्या बाजूस सरकतो. मग झडप वर जाते, स्नायूंची पकड खाली राहते आणि कुलपाचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे होतात. अशा हर्नियांपैकी सुमारे ९५ टक्के या घसरत्या प्रकारचे असतात. उरलेल्यांत जठराचा भाग अन्ननलिकेच्या शेजारून वर चढतो. तो प्रकार विरळा, पण अधिक चिंतेचा. त्यात जठरास पीळ पडू शकतो. मोठ्या हर्नियात जठराच्या अस्तरावर घासून बारीक जखमा होतात, त्यांतून थेंब थेंब रक्त जात राहते आणि वयस्क स्त्रियांत रक्तक्षयाचे कारण वर्षानुवर्षे सापडत नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतात. गळती कोठून आहे हे कोणी पाहिलेले नसते.

आता एखाद्या मध्यमवयीन गृहिणीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वजन शंभर किलोच्या घरात, गुडघे कुरकुरणारे, मधुमेह नुकताच लागलेला. रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते, म्हणून उशाखाली दोन उशा. पहाटे कोरडा खोकला. आम्लपित्ताची गोळी इतकी अंगवळणी पडलेली, की डॉक्टरांनी ‘आणखी काही औषधे चालू आहेत का?’ असे विचारल्यावर ती सांगण्याचेही राहून जाते. हे सांगण्याचे राहून जाणे, हीच पुढील सर्व अडचणींची पहिली पायरी आहे. कारण वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियांमध्ये अनेक प्रकार आहेत, आणि त्यांतील कोणता निवडावा याचा निर्णय याच एका तक्रारीने बदलू शकतो.

आज सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. या शस्त्रक्रियेचा जन्म काहीसा अनपेक्षित आहे. अतिस्थूल व जोखमीच्या रुग्णांवर एक मोठी शस्त्रक्रिया एकदम करणे धोक्याचे वाटे, म्हणून इ. स. २००० च्या सुमारास न्यूयॉर्क येथे डॉ. मिशेल गान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे दोन टप्पे केले. स्लीव्ह हा त्यांतील केवळ पहिला टप्पा होता. पहिल्या टप्प्यानेच अनेकांचे वजन इतके उतरले, की दुसऱ्याची गरज भासली नाही आणि पहिला टप्पाच स्वतंत्र शस्त्रक्रिया बनला. सोपी, कमी वेळाची, आतडी न जोडावी लागणारी म्हणून ती जगभर पसरली. आम्ल वर चढण्याच्या विकाराचा विचार तिच्या मुळाशी नव्हता, आणि ती उणीव पुढे जाणवू लागली.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. प्रशस्त पिशवीच्या जागी अरुंद नळी आली की आतील दाब वाढतो. अन्ननलिका जठरास जेथे तिरकस मिळते तेथील कोन बदलतो. झडपेस आधार देणारे काही स्नायुतंतू छेदले जातात. जठराचा फुगीर वरचा भाग निघून गेल्याने उरलेली नळी सैल छिद्रातून छातीत सरकण्यास अधिकच मोकळी होते. पूर्वी हर्निया होता आणि तो तसाच ठेवून स्लीव्ह केली, तर नळीचा वरचा भाग छातीत जाऊन बसू शकतो. मग वजन उतरलेले असते, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, नातेवाईक कौतुक करीत असतात, आणि ती गृहिणी मात्र रात्री खुर्चीत बसून झोपत असते.

याउलट गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. त्यातील आम्ल आणि यकृतातील पित्त सुमारे पाऊण ते दीड मीटर खाली जाऊन अन्नास मिळतात. साहजिकच वर चढण्यास आम्ल फारसे उरत नाही. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन व डॉ. इटो यांनी १९६६ साली या शस्त्रक्रियेचा पाया घातला. एकाच जोडाचा जो ‘मिनी बायपास’ म्हणून ओळखला जातो, तो याहून वेगळा आहे. त्यात पित्त पिशवीकडे येण्याची शक्यता असते, म्हणून केवळ ‘बायपास’ हा शब्द ऐकून समाधान मानू नये. कोणता, ते विचारावे.

या दोन शस्त्रक्रियांची तुलना फिनलंडमध्ये पद्धतशीरपणे झाली. २००८ ते २०१० या काळात २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून निम्म्यांची स्लीव्ह व निम्म्यांचा बायपास करण्याचे ठरविण्यात आले, आणि दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के रुग्णांत आढळला, बायपासनंतर ७ टक्के. आम्लाच्या सततच्या माऱ्याने अन्ननलिकेचे अस्तर पालटण्याचा जो ‘बॅरेट’ नावाचा विकार आहे व ज्यातून क्वचित कर्करोग उद्भवतो, त्याचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखे, म्हणजे ४ टक्के होते. हेही सांगितले पाहिजे; स्लीव्ह केलेल्या कोणासही हे भाषण ऐकून भयभीत होण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. वजनाची शस्त्रक्रिया करताना हर्निया आढळला तर त्याच वेळी तो दुरुस्त करावा काय? याचे उत्तर मिळण्यास वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. इंग्लंडमधील लीड्स येथील शल्यविशारद फिलिप अ‍ॅलिसन यांनी १९५१ साली प्रथम ठामपणे दाखविले, की छातीतील जळजळ आणि हा हर्निया यांचा निकटचा संबंध आहे. त्यांनी दुरुस्तीची पद्धतही दिली. त्याहून मोठेपणाची गोष्ट अशी, की सुमारे वीस वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांनी स्वतःच्याच रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला आणि जवळजवळ निम्म्यांत त्रास परत आल्याचे कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. आपल्या कामातील न्यून असे स्वतः मांडणारे सर्वच क्षेत्रांत विरळा.

दुसरे नाव रुडॉल्फ निसन यांचे. हिटलर सत्तेवर आल्यानंतर हे ज्यू शल्यविशारद जर्मनी सोडून इस्तंबूलला गेले. तेथे १९३६ साली एका रुग्णाच्या अन्ननलिकेचा जोड सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी जठराचा वरचा भाग तिच्याभोवती गुंडाळला. त्या रुग्णास पुढे आम्लाचा त्रास कधी झालाच नाही, हे त्यांच्या वर्षांनंतर ध्यानात आले, आणि १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथून त्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. (याच निसन यांनी १९४८ मध्ये ब्रुकलिन येथे अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील फुगलेल्या महारोहिणीवर शस्त्रक्रिया केली होती, आणि आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ जगले.) जठराचा वरचा भाग मफलरसारखा गुंडाळून नवी झडप तयार करण्याची ही पद्धत आजही प्रचलित आहे.

परंतु येथेच खरी मेख आहे. मफलर म्हणून वापरावयाचा जठराचा वरचा भाग स्लीव्हमध्ये कापून बाहेर काढलेला असतो. म्हणजे नेहमीच्या स्लीव्हबरोबर हर्नियाची दुरुस्ती करावयाची, तर सर्जनच्या हाती एकच उपाय उरतो : छिद्र शिवून लहान करणे. दुहेरी कुलपातील बाहेरची पकड परत मिळते; आतली झडप नव्याने बनविता येत नाही. म्हणून ‘हर्निया शिवला आहे, आता जळजळ होणारच नाही’ असे आश्वासन स्लीव्हच्या बाबतीत देता येत नाही. अनेकांचा त्रास शिवल्याने कमी होतो, काहींचा राहतो, काहींना तो पुढे नव्याने सुरू होतो. आम्लाचा त्रास आधीपासून तीव्र आहे, अन्ननलिकेस दाह आहे किंवा अस्तर पालटलेले आहे, अशा रुग्णास बहुतेक तज्ज्ञ बायपासकडे वळण्याचा सल्ला देतात, आणि तो सल्ला योग्य आहे. त्या गृहिणीने आपली रोजची गोळी पहिल्याच भेटीत सांगितली असती, तर तिच्यापुढे हा पर्याय वेळेवर आला असता.

तरीही शिवणे आवश्यकच आहे. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची ‘सेजेस’ ही अमेरिकेतील संस्था आहे. तिने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की वजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जो हर्निया आढळेल तो दुरुस्त करावा. हर्निया न शिवता जठर कापले तर छातीत सरकलेला भाग नजरेआड राहतो, नळीचा वरचा भाग नको तितका मोठा उरतो, आणि वजनही अपेक्षेप्रमाणे उतरत नाही. पुढे दुरुस्तीसाठी पुन्हा पोटात जावे लागले तर सर्व अवयव एकमेकांस चिकटलेले असतात. पहिल्या वेळेचे काम तेव्हा दुप्पट कष्टाचे होते.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी होते, हे ऐकण्यास कुतूहल वाटेल. पोटावर चार-पाच बारीक छिद्रे पाडून आत वायू भरतात व दुर्बीण सोडतात. यकृताचा डावा भाग उचलून धरल्यावर श्वासपटलाचे छिद्र समोर येते. स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने जड झालेले असते. शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात तो यकृत आकसावे म्हणून. हा पथ्याचा काळ अनेकांना जाच वाटतो आणि ‘शेवटचे एकदा’ म्हणून आमरस-पुरीची पंगतही झडते! सर्जनचे काम त्या पंगतीने किती अवघड होते, याची कल्पना नसते.

छिद्राभोवतीची चरबी दूर केल्यावर पुढच्या बाजूस खळगा दिसला की हर्नियाची शंका बळावते. मग भोवतीचे आवरण सोडवून छातीत गेलेला भाग हलक्या हाताने खाली आणतात. अन्ननलिकेचा किमान दोन-तीन सेंटिमीटर भाग ताणाविना पोटात राहील, इतपत ती मोकळी करतात. तिला चिकटून व्हेगस या मज्जातंतूच्या दोन शाखा जातात. त्या जपाव्या लागतात. फुप्फुसाचे आवरण अगदी जवळ असते. मागे महारोहिणी धडधडत असते. अशा जागी, अन्ननलिकेच्या पाठीमागे, दोन्ही स्नायुपट्टे न विरघळणाऱ्या धाग्याने एकमेकांजवळ आणून शिवतात. टाके सैल पडले तर हर्निया परततो, आवळले गेले तर घास उतरत नाही. किती आवळावे याचे माप कोणत्याही पुस्तकात पुरते लिहिता आलेले नाही. ते हाताच्या अनुभवाचे काम आहे, आणि म्हणूनच सर्जनने अशा दुरुस्त्या नियमित केल्या आहेत काय, हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

छिद्र फार मोठे असेल तर टाक्यांवर जाळी बसवावी की नाही, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. जाळीने सुरुवातीस आधार मिळतो. पण कृत्रिम कायमस्वरूपी जाळी क्वचित अन्ननलिकेत घुसते आणि तो प्रसंग फार बिकट असतो. लहान हर्नियात केवळ टाके पुरतात.

येथे समाजातील बंधू-भगिनींच्या दृष्टीने एक विषय आवर्जून मांडणे भाग आहे. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या काही वस्तू प्राणिज असतात आणि त्याविषयी नंतर कळल्यास मनास क्लेश होतात. जैविक जाळी डुकराच्या त्वचेपासून किंवा गोवंशाच्या हृदयावरणापासून बनविलेली असते. शिवण्याचा धागा रेशमाचा असू शकतो. पॉलिएस्टरचा कृत्रिम धागा तितकाच उपयुक्त आहे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन व त्यापासून तयार होणारे एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळते. फोंडापॅरिनक्स हे औषध कृत्रिम आहे. अनेक कॅप्सूलची आवरणे जिलेटिनची असतात. ज्यास याची अडचण वाटते त्याने ती पूर्वतपासणीच्या वेळीच सर्जन व भूलतज्ज्ञ यांना सांगावी. त्यांना वेळ असला तर पर्याय पाहता येतो. ऐनवेळी गुठळीचे इंजेक्शन नाकारणे मात्र जिवावर बेतू शकते.

आहाराच्या बाबतीत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम या विकारात हितकर ठरतो. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर असावे, असे डॉक्टर सांगतात. चौविहार पाळणाऱ्या घरात ते आपोआप साधते. पण शस्त्रक्रियेनंतर त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. लहान झालेल्या जठरात एका वेळी पेलाभर पाणी मावत नाही. दिवसाचे दीड ते दोन लिटर पाणी घोट घोट घेऊनच पुरे करावे लागते. सूर्यास्तानंतर पाणी बंद असेल तर सकाळपासून घड्याळ लावून प्यावे. पहिल्या काही महिन्यांत निर्जळ उपवास टाळावेत. अठ्ठाई किंवा वर्षीतपाचा संकल्प असेल तर डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी आधी बोलून घ्यावे.

प्रथिने दिवसाकाठी किमान ६० ग्रॅम लागतात. शाकाहारात ती मूगडाळ, पनीर, दही, सोयाबीन यांतून व आवश्यक तर पावडरमधून घ्यावी लागतात. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसल्याने शाकाहारी समाजात ते मुळातच कमी आढळते, आणि बायपासनंतर त्याचे शोषण आणखी घटते. त्याची गोळी किंवा इंजेक्शन आणि लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ही औषधे कायमची असतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती बंद करणारे पुष्कळ असतात.

दुरुस्ती केलेल्या टाक्यांना पहिले काही आठवडे उलटी, जोराचा खोकला, कुंथणे आणि जड उचलणे यांपासून जपावे लागते. उलटीचे उमाळे येत राहिले तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालयास कळवावे. टाके सुटण्याचा धोका असतोच; शिवाय उलट्या दीर्घकाळ टिकल्या तर ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूस व मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

अलीकडे वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी आहे. टिर्झेपॅटाइड व सेमाग्लुटाइड ही औषधे वजनासाठी २०२५ पासून भारतात मिळू लागली. त्यांनी वजन उतरते. परंतु श्वासपटलाचे सैल झालेले छिद्र त्यांनी शिवले जात नाही. ती जठर रिकामे होण्याचा वेगही मंदावतात. ती चालू असल्यास भूलतज्ज्ञास सांगणे अत्यावश्यक आहे, कारण उपाशी असूनही पोटात अन्न शिल्लक राहू शकते.

शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपी करून घ्यावी. तक्रार नसली तरी करावी. तिच्यातही लहान हर्निया निसटतो, आणि कित्येक हर्निया टेबलावरच प्रथम दिसतात. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हर्निया आढळल्यास तो शिवण्याची परवानगी त्यात लिहिलेली आहे काय, आणि हर्निया मोठा निघाल्यास स्लीव्हऐवजी बायपास करावा काय, याचा निर्णय शुद्धीत असताना, कुटुंबीयांसमवेत बसून घ्यावा. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने दारात उभ्या असलेल्या मुलाला दोन मिनिटांत तो घ्यावयास लावणे बरे नव्हे.

आणि एक कागद जपून ठेवावा. घरी सोडताना मिळणारा सारांश सर्वजण ठेवतात. शस्त्रक्रियेचे सविस्तर टिपण मागून घेणारे थोडे असतात. कोणती शस्त्रक्रिया झाली, हर्निया होता की नव्हता, टाके कोणत्या धाग्याचे व किती, जाळी घातली की नाही, हे सर्व त्यात असते. दहा वर्षांनंतर पुन्हा जळजळ सुरू झाली, सर्जन दुसरे असले, गाव दुसरे असले, तर त्यांना प्रथम तेच टिपण लागेल. ते एंडोस्कोपीच्या अहवालासह एकाच फाइलमध्ये, घरातील इतरांनाही ठाऊक असेल अशा ठिकाणी ठेवावे.